उंदराच्या गळ्यात दमा

उंदराला आपणहून दमा होत नाही. मी सात वर्षं उंदरांना दमा ‘लावत’ होतो आणि माझ्या एकाही शोधनिबंधात हे एवढं साधं वाक्य लिहिलं नाही.

लावायचा कसा, ते ऐका. बाल्ब-सी जातीची सहा आठवड्यांची पांढरी मादी घ्यायची. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या भागातलं ओव्हॅल्ब्युमिन नावाचं प्रथिन अॅल्युमिनियमच्या क्षारात कालवून तिच्या पोटात टोचायचं. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. मग तिला डब्यात बसवून त्याच प्रथिनाचा फवारा काही दिवस हुंगायला लावायचा. शेवटी फुप्फुसं धुऊन पाहिली की इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचा नुसता पूर. झाला दमा! तुमच्या ओळखीतल्या कोणत्या दमेकऱ्याला पोटात अंडं टोचून दमा जडला? अंडी फोडण्याच्या कारखान्यातल्या काही कामगारांना अंड्याच्या भुकटीने तो होतो, मान्य. बाकीच्यांचं वैर धुळीतल्या किड्यांशी, झुरळांशी, परागांशी.

बरं, हाच फवारा आठवडेच्या आठवडे चालू ठेवा. उंदीर त्याला सरावतो, सूज ओसरते. आमचा दमेकरी चाळीस वर्षं पंप खिशात घेऊन हिंडतो आणि त्याचा हा प्रतिनिधी अंडं हुंगून हुंगून बरा होतो! म्हणून आम्ही काय करतो? तो बरा व्हायच्या आत त्याला मारतो आणि आलेख काढतो.

श्वास मोजायची तऱ्हा तर त्याहून न्यारी. उंदीर बंद डब्यात मोकळा बसतो, डब्यातल्या हवेचा दाब हलतो, त्यावरून यंत्र ‘पेन्ह’ नावाचा एक आकडा काढतं. तो श्वासनलिकेतला अडथळा थेट मोजतच नाही, असं फुप्फुसांच्या यांत्रिकीतले जाणकार कंठशोष करून सांगत आले. पण खरं मोजमाप करायचं तर उंदराला भूल द्या, नळी घाला, दिवसभर राबा. पेन्हचा आकडा मात्र दुपारच्या चहाच्या आत मिळतो.

१९९६ साली ‘जर्नल ऑफ एक्स्पेरिमेंटल मेडिसिन’मध्ये दोन निबंध आले. काळ्या सी-५७ उंदरांतून इओसिनोफिल पोसणाऱ्या इंटरल्यूकिन-५ या प्रथिनाचा जनुक काढून टाकला, तर इओसिनोफिलही गेले आणि श्वासनलिकेचा चिडकेपणाही, असं एकाने सांगितलं. पांढऱ्या बाल्ब-सीत चिडकेपणाला इंटरल्यूकिन-५ लागतच नाही, असं दुसऱ्याने. जात बदलली आणि आजार बदलला! तेव्हाच कुणीतरी थांबून विचारायला हवं होतं की माणसं यातल्या कुठल्या जातीची? २००० साली उत्तर मिळालं. सौम्य दमा असलेल्या २४ माणसांवर इंटरल्यूकिन-५विरोधी प्रतिपिंड वापरून पाहिलं. इओसिनोफिल घटले, श्वासनलिका ढिम्म.

आता कुणी म्हणेल, तेच औषध, मेपोलिझुमॅब, पुढे चाललंच की. चाललं. पण केव्हा? ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल हटत नाहीत आणि ज्यांना वारंवार झटके येतात, असे रुग्ण निवडून काढले तेव्हा. २००९च्या चाचण्यांत त्यांचे झटके कमी झाले, २०१५मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. दमा एक नाही, अनेक आहेत, हे बेडका तपासणाऱ्या डॉक्टरांनी दाखवलं. सख्ख्या भावाबहिणींत वीस-वीस पिढ्या पैदास केलेले उंदीर ते दाखवणार तरी कसे?

उंदरावर माझा राग नाही. इंटरल्यूकिन-५ काय करतं हे बरंचसं त्यानेच शिकवलं. हल्ली बरेच जण टोचणी सोडून धुळीतल्या किड्यांचा अर्क थेट नाकात घालतात. ते निदान रोगाच्या वाटेवरचं आहे. मांजराला आपणहून दमा होतो, बुरसटलेल्या गवतापायी तबेल्यातल्या घोड्याला धाप लागते. पण घोडा फडताळात मावत नाही आणि पीएचडीच्या मुदतीत बसत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की आता फक्त माणसांचा बेडका. दोन वर्षांची मेहनत निबंधात घालून पाठवली. परीक्षकाचा शेरा आला: निष्कर्ष रोचक, परंतु उंदरांत पडताळून पाहावेत. मी तासभर शिव्या घातल्या. मग मागणीपत्रक काढलं आणि भरलं: बाल्ब-सी, मादी, सहा आठवडे, नग २४.