नाडीचा काच

व्हिक्टोरिया राणीच्या काळी विलायतेतील बाया कंबर बारीक दिसावी म्हणून कॉर्सेट नावाची ताठ चोळी आवळीत; बरगड्या दबत, श्वास पुरेना. हे ऐकून आम्ही हसतो. पण खानदेशात उन्हात कापूस वेचणारी माउली परकराची नाडी वा लुगड्याची गाठ रोज एकाच जागी करकचून बांधते, त्याचे काय? घामाने कातडी काळवंडते, सोलते. अशा जुनाट जखमेतून क्वचित कर्करोगही होतो. वर्धा व बिहारच्या डॉक्टरांनी २०२४ साली अशा दोन बायांची हकीकत प्रसिद्ध केली. धोतराच्या काचाने पुरुषांसही तो होतो, हे मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ सालीच दाखविले होते. बंधुभगिनींनो, नाडी रुंद व सैल ठेवा, गाठीची जागा बदला. जखम भरेना तर जळगाव-धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. दुखणे झाकण्यास आम्ही मर्यादा म्हणत नाही. ते अज्ञान होय.