इंग्रजीचे व्याकरण आणि आमची मुले

महाराष्ट्रात 2000 साली पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झाले, त्यास आता पाव शतक होत आले. कुणब्याचे, माळ्याचे, सुताराचे, कोष्ट्याचे पोर दहावीस पोहोचेपर्यंत दहा वर्षे इंग्रजी शिकते. परंतु त्याच पोराच्या हाती बापाने बँकेचा एखादा इंग्रजी कागद दिला आणि 'बाबू, यात काय लिहिलं आहे, सांग' असे म्हटले, म्हणजे पोर खाली मान घालते. दहा वर्षांच्या शिक्षणाने एक कागद उलगडत नसेल तर दोष कोणाचा? पोर मठ्ठ आहे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस ते उत्तर मुळीच मान्य नाही. दोष शिकविण्याच्या रीतीत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही रीत कशी आहे ती पाहा. आधी नियम सांगावयाचा, मग नियमाचे नाव पाठ करावयाचे, आणि शेवटी केवळ त्या नियमासाठी रचलेले एक वाक्य फळ्यावर लिहावयाचे. 'राम किल्ड रावण' याचे 'रावण वॉज किल्ड बाय राम' केले की दोन गुण मिळाले! असे उलटे वाक्य कोण बोलतो, कशासाठी बोलतो, हे मास्तर सांगत नाही व मूल विचारीत नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिचे उपकार आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या घरी शंका विचारावयास कोणी शिकलेला माणूस नाही, तेथे नुसता नियम दाराबाहेरच उभा राहतो.

शेतकरी बंधूंनो, तुमच्या मुलास पऱ्हाटीचे रोप व तण यांतील फरक कोणी व्याख्या देऊन शिकविला काय? निंदणाला तो आईच्या मागे गेला, शेकडो रोपे पाहिली, दोनचार चुकून उपटली, बोलणी खाल्ली, आणि त्याची नजर तयार झाली. भाषेचेही असेच आहे. एका वळणाची दहा खरी वाक्ये डोळ्यांखालून गेली, म्हणजे नियम मुलास आपोआप दिसू लागतो. मग मास्तरने त्यास नाव तेवढे द्यावे.

खरी वाक्ये कोठून आणावी, असे कोणी विचारील. आमचे बडनेरा हे मुंबई-नागपूर मार्गावरील जंक्शन. अमरावतीचा फाटा येथूनच फुटतो. फलाटावर पाट्या मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांत एकाखाली एक लिहिलेल्या असतात, आणि गाडीची घोषणाही तिन्ही भाषांत कानी पडते. फुकटचे असे दुसरे पुस्तक कोठे मिळणार? गाडी यावयाची असली म्हणजे 'इज अरायव्हिंग' ऐकू येते. आली म्हणजे 'हॅज अराइव्ह्ड' ऐकू येते. रोजची गोष्ट सांगावयाची तर 'कम्स एव्हरी डे'.

येथे आमच्या वऱ्हाडी बोलीचा उपयोग पाहा. 'गाडी येते' व 'गाडी येऊन रायली' हा भेद आमचे पोर न चुकता करते. 'येऊन रायली' म्हणजेच 'इज कमिंग'. ज्या बोलीबद्दल आमच्या मुलांस शहरात हसतात, त्याच बोलीत इंग्रजी क्रियापदाची अर्धी किल्ली आहे! मात्र ही किल्ली सर्व कुलुपांस लागत नाही. 'मले समजून रायलं' यावरून 'आय अॅम अंडरस्टँडिंग' केले, किंवा 'माझ्याजवळ दोन एकर आहे' याचे 'आय अॅम हॅविंग टू एकर्स' केले, तर ते छापील इंग्रजीत बहुधा सापडणार नाही. तेथे 'आय अंडरस्टँड' आणि 'आय हॅव' हेच दिसेल. कोठे किल्ली लागते व कोठे नाही, हे दहा वाक्ये ताडून पाहिल्यावाचून कळत नाही.

आता त्या रावणाच्या वाक्याकडे परत येऊ. गाडीस उशीर झाला म्हणजे 'इनकन्व्हिनियन्स इज रिग्रेटेड' असे सांगतात. गैरसोयीबद्दल खेद आहे. पण खेद कोणास आहे? वाक्यात त्याचा पत्ता नाही. कचेरीतून पत्र येते, 'युवर अॅप्लिकेशन हॅज बीन रिजेक्टेड'. अर्ज नामंजूर झाला, कोणी केला? तेही नाही. पुस्तकातल्या कर्मणी वाक्यास 'बाय राम' असे शेपूट असते, पण खऱ्या कागदांत बहुतेक ठिकाणी ते शेपूट गळलेले असते. कर्ता झाकता यावा, हाही या रचनेचा एक उपयोग आहे. ज्या मुलाने अशी वाक्ये गोळा केली, ते पोर बापास सांगेल, 'बाबा, अर्ज कोणी नाकारला आणि का नाकारला, हे यात लिहिलंच नाही. तेवढं विचारून या.' हा एक प्रश्न विचारता येणे, हे दोन गुणांहून मोठे आहे.

मुदतीच्या शब्दांचेही तसेच. 'पर्यंत' या आमच्या एका शब्दास इंग्रजीत दोन वाटा आहेत. 'पे बाय 31 मार्च' म्हणजे त्या तारखेच्या आत किंवा त्या दिवशी एकदा भरणा व्हावा. 'ओपन टिल फाइव्ह' म्हणजे पाच वाजेपर्यंत सतत उघडे. तिसरा शब्द 'विदिन'. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीच्या नुकसानीची खबर 72 तासांच्या आत देण्याची अट होती. गारपिटीने पीक झोपले आणि खबर चौथ्या दिवशी गेली, तर रडून काय उपयोग? 'विदिन' या एका शब्दात तीन दिवसांची मुदत व वर्षाची मेहनत अडकलेली असते.

ही रीत खेडवळ मास्तरांची कल्पना आहे, असे कोणी समजू नये. मोठमोठे पंडित आज याच रीतीने व्याकरण शोधतात. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाने 1961 सालच्या छापील इंग्रजीतून दहा लाख शब्दांचा संग्रह केला. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तेथील शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 सालच्या भारतीय इंग्रजीतून प्रत्येकी सुमारे 2000 शब्दांचे 500 उतारे निवडून तसाच संग्रह सिद्ध केला. 'कोल्हापूर कॉर्पस' या नावाने तो परदेशी अभ्यासकांसही ठाऊक आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या प्रा. जॉन सिंक्लेअर यांनी अशाच खऱ्या वाक्यांच्या राशीवरून 1987 साली शब्दकोश काढला. पंडितांची रास दहा लाखांची, आमच्या पोराची वही शंभर वाक्यांची. खळे लहानमोठे असले तरी मळणी एकच.

कोणी म्हणतील, मग परीक्षेचे काय? उत्तर सोपे आहे. ज्यास वळण दिसले, त्यास नियमाचे नाव पाठ करण्यास एक दिवस पुरतो. दुसरी शंका अशी की, कागदांतले इंग्रजीही पुष्कळदा चुकीचे असते. खरे आहे. म्हणूनच एका वाक्यावर विसंबू नये. चार ठिकाणचे कागद जुळले तरच वळण पक्के मानावे.

1882 साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेसाठी जे विषय मागितले, त्यांत हिशेब होता, व्याकरण होते आणि शेतकीची प्राथमिक माहितीही होती. व्याकरण व वखर एकाच यादीत बसविणाऱ्या त्या महापुरुषास विद्येचा उपयोग कोणासाठी, हे पक्के ठाऊक होते.

तरी पालकांनो, एवढे करा. घरी येणारा इंग्रजी कागद चुलीत घालू नका: बियाण्याची पिशवी, खताचे पोते, औषधाचे खोके, तिकीट, बँकेची चिठ्ठी, सर्व मुलापुढे ठेवा. त्याने रोज एक वाक्य वहीत उतरावे, खाली आपल्या बोलीत अर्थ लिहावा, आणि सारख्या वळणाची वाक्ये एका पानावर आणावी. तुम्हांस इंग्रजी येत नसले तरी 'हे कोणी केलं?' आणि 'हे कधीपर्यंत?' हे दोन प्रश्न तुम्ही त्यास रोज विचारू शकता. आणि शिक्षकबंधूंनो, आठवड्यातून एक तास ही वही वर्गात उघडा. व्याकरण ही कोणाची वतनदारी नाही. जो वाक्ये वेचील, त्याच्या पदरात ते पडेल.