भूमीची वही यजमानाच्या हातीं

घर बांधावयाचें म्हटलें म्हणजे आपल्या कुटुंबांत नकाशापासून मुहूर्तापर्यंत सर्व गोष्टींचा खल होतो. परंतु पायाखालीं काय आहे, हा प्रश्न बहुधा कंत्राटदारावर सोंपविला जातो. त्या प्रश्नाशीं नुकतीच आमची जी गांठ पडली, ती वाचकांस सांगावी असें वाटलें.

छत्रपति संभाजीनगर येथील छावणीच्या बाजूस एका संस्थेचें मुलींचें वसतिगृह उभें राहावयाचें आहे. पायाच्या तपासणीचें काम आमच्या भाच्याकडे होतें. ही तपासणी अशी: जमिनीवर जाड लोखंडी पत्रा ठेवून त्यावर घणाचा ठोका द्यावयाचा, आणि एका रांगेंत रोंवलेल्या चोवीस जिओफोनांनीं तो हादरा केव्हां केव्हां टिपला हें पाहावयाचें. मोकळ्या मातींतून लहर सेकंदास कांहींशें मीटर जाते, तर अभंग काळ्या पाषाणांतून सुमारें पांच किलोमीटर. वेळांतील या फरकावरून मुरूम किती खोल आहे व खडक कोठें लागेल, याचा अंदाज बांधतां येतो.

अहवाल समजावून देण्यास भाचा गेला, तेव्हां आम्हीही बरोबर होतों. संस्थेचे चिटणीस हे निवृत्त गणितशिक्षक. छापील रंगीत चित्र न्याहाळून ते म्हणाले, "चित्र सुबक आहे, बाळ, पण हा झाला तुझा निष्कर्ष. जमिनीनें स्वतः काय लिहिलें, तें दाखीव."

अडचण येथेंच होती. अशा नोंदी सेग-वाय नांवाच्या रचनेंत ठेवण्याचा प्रघात आहे. ती रचना 1975 सालीं चुंबकीय फितींकरितां प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभींचा 3,200 बाइटांचा मजकूर, म्हणजे 80 अक्षरांच्या 40 ओळी, मूळच्या पद्धतीप्रमाणें जुन्या अक्षरसंकेतांत लिहिलेला असतो. साध्या संगणकावर तो उघडावा तर निव्वळ अगम्य चिन्हें दिसतात, आणि त्यामागून येणाऱ्या लहरी तर दिसतच नाहींत. त्या दाखविणारें सॉफ्टवेअर संस्थेच्या संगणकावर बसवावयाचें, तर परवानगी पाहिजे. आणि ती देणारा गृहस्थ परगांवीं गेलेला.

"काका, कांहीं बसवावें लागणार नाहीं," असें म्हणून भाच्यानें खिशांतून पेनड्राइव्ह काढला. त्यांतच नोंद होती आणि ती दाखविणारा लहानसा प्रोग्रामही होता. परका पेनड्राइव्ह आपल्याबरोबर विषाणूही आणूं शकतो. म्हणून चिटणिसांनीं तो आधीं तपासून मगच उघडूं दिला, हें योग्यच झालें. या प्रोग्रामचें वागणें म्हणजे आपला तांब्या-पंचा बरोबर आणून यजमानाच्या भांड्यांस हात न लावणाऱ्या पाहुण्यासारखें. तो संगणकावर बसवावा लागत नाहीं. मूळ नोंद केवळ वाचतो, तींत फेरफार करीत नाहीं.

पडद्यावर चोवीस रेघा उभ्या राहिल्या. चिटणिसांनीं विचारलें, "हा हादरा खरोखरच इतका ठळक आहे, कीं तूं तो वाढविला आहेस?"

प्रश्न मार्मिक होता. क्षीण लहर डोळ्यांस दिसावी म्हणून तिची उंची वाढवावी लागते. पण तिच्याबरोबर रस्त्यावरील रहदारीचा, वाऱ्याचा गोंगाटही वाढतो, आणि लहर नेमकी कोणत्या क्षणीं आली, हें पाहणाराच्या नजरेवर अवलंबून राहतें. वाढ उतरवितांच पूर्वेकडील चार रेघांवरील पहिली खूण अंधुक झाली. भाचा क्षणभर थांबला, मग म्हणाला, "काका, या टोंकाचा खडक मीं अंदाजानें धरला आहे." तेथें एक बोअर घेऊन पाहण्याचें ठरलें. मुरूम चित्रांत दाखविला होता त्याहून खोल निघाला, आणि त्या बाजूचा पाया बदलावा लागला.

मराठवाड्यास या सावधगिरीचें मोल सांगावें लागूं नये. 1992 सालीं किल्लारीच्या परिसरांत धक्के बसत होते. पुढें 30 सप्टेंबर 1993 रोजीं पहाटें, गणेशविसर्जन करून लोक निजले असतां, 6.2 तीव्रतेच्या भूकंपानें दगडमातीचीं जड माळवदें हजारों माणसांवर कोसळलीं. पायाच्या तपासणीनें भूकंपाचें भाकीत होत नाहीं, हें खरें. तथापि ज्यांस त्या छपराखालीं निजावयाचें आहे, त्यांच्या वडीलधाऱ्यांस पायाखालची नोंद स्वतः पाहतां यावी व तिजविषयीं प्रश्न विचारतां यावा, एवढा तरी हक्क त्यांस असावा. छापील चित्रास उलट प्रश्न विचारतां येत नाहीं. उघडलेल्या नोंदीस येतो.

आमच्या वाचकांपैकीं कोणी अशी तपासणी करवून घेतील, त्यांनीं अहवालाबरोबर मूळ नोंद आणि ती पाहण्याचें साधन हीं दोन्हीं मागून घ्यावींत. चिटणिसांनीं त्या दिवशीं तेंच केलें. नोंदीची एक नक्कल त्यांनीं ठेवून घेतली. ती आतां वसतिगृहाच्या नकाशांबरोबर संस्थेच्या कपाटांत आहे.