नोंदवहीत अडकलेला शोध

पोलिस अधिकारी असलेली बाईच बेपत्ता झाली, तर तिचा शोध तरी झटपट लागेल, असे कोणालाही वाटेल. नवी मुंबईच्या सहायक पोलिस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे यांच्या बाबतीत तसे घडले नाही. ११ एप्रिल २०१६ च्या रात्रीनंतर त्या कोणाला दिसल्या नाहीत. नातेवाइकांनी जुलैमध्ये कळंबोली पोलिसांकडे तक्रार केली. अपहरणाचा गुन्हा नोंदवला जायला मात्र ३१ जानेवारी २०१७ उजाडला. ज्यांच्यावर नातेवाइकांचा संशय होता, त्या वरिष्ठ निरीक्षक अभय कुरुंदकर यांना त्याच्या पाचच दिवस आधी, प्रजासत्ताक दिनी, राष्ट्रपती पोलिस पदक जाहीर झाले होते. पदकासाठी नावे पारखणाऱ्यांच्या नजरेला एवढी एक तक्रार पडू नये, हे नवलच!

पती आणि भाऊ कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिले, उच्च न्यायालयातही गेले. कुरुंदकर यांना अटक झाली डिसेंबर २०१७ मध्ये. खाडीत शोध घेऊनही मृतदेह मिळाला नाही. पनवेलच्या सत्र न्यायालयाने २१ एप्रिल २०२५ रोजी त्यांना जन्मठेप सुनावली, तेव्हा नऊ वर्षे उलटली होती.

यातले सगळे काही एका बड्या अधिकाऱ्याला वाचवण्यातून झाले असे म्हणून मोकळे होता येत नाही. प्रौढ माणूस घरी न परतणे हा कायद्याने गुन्हाच नाही. ठाण्यात फक्त नोंद होते. महाराष्ट्रात तिला ‘मिसिंग’ म्हणतात, भिलाईच्या हुडको वसाहतीतून कोणी नाहीसे झाले तर तिकडे ‘गुम इंसान’ म्हणतात. शब्द बदलतो, नोंदवही तीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हरवलेल्या मुलांच्या बाबतीत अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, पण तो अठरा वर्षांखालील मुलांपुरता. म्हणजे सतरा वर्षांची मुलगी हरवली तर तपास, एकोणीस वर्षांची हरवली तर ‘रागावून गेली असेल, येईल दोन दिवसांत.’

हे दोन दिवस फार महाग पडतात. दुकानांच्या, सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांतले चित्रण बहुधा काही आठवड्यांत पुसले जाऊन त्यावर नवे चढते. दूरध्वनी कंपन्याही कॉलच्या नोंदी कायम ठेवत नाहीत. नातेवाईक खेटे घालत असतात आणि पुरावा आपोआप नाहीसा होत असतो.

म्हणून ठाण्यात नुसते तोंडी सांगून परतू नये. घातपाताचा किंवा पळवून नेल्याचा संशय असेल, तर तो कारणांसह अर्जात स्पष्ट लिहावा, कारण ‘हरवली आहे’ एवढ्यावर गुन्हा नोंदवला जात नाही. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. ठाण्याने नकार दिला तर तोच अर्ज टपालाने पोलिस अधीक्षकांना पाठवावा, शहरात आयुक्तालय असेल तर तिथल्या उपायुक्तांना. तिथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. तिथे ती शिक्क्याची प्रत कामी येते.