थोरांच्या हाती चांदोबा

सुशिक्षित घरांतून एक समजूत दृढ झालेली दिसते ती अशी की, चित्रांच्या गोष्टी मुलांनी वाचावयाच्या आणि मोठ्यांनी त्या विकत आणून द्यावयाच्या. एखादे पन्नाशीचे गृहस्थ राक्षस-राजकन्यांच्या पुस्तकात रमलेले आढळले, तर सुना पदराआड हसतात आणि गृहस्थही ओशाळून 'नातवाचे आहे हो!' म्हणून ते मिटून ठेवतात. या ओशाळण्यास काही आधार आहे काय, हे आम्हा जालनेकरांनी तरी एकदा तपासून पाहावे. कारण या कथांचे माहेर आमच्या अगदी शेजारी आहे.

मद्रासेस 1947 साली सुरू झालेले 'चंदामामा' मासिक 1952 पासून 'चांदोबा' या नावाने मराठीत येऊ लागले. त्यातील विक्रम-वेताळाचे चित्र कोणाच्या डोळ्यांपुढे नाही? हाती उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत आणि भोवती स्मशान. ते चित्र घरोघर पोहोचविणारे चित्रकार के. सी. शिवशंकरन् उर्फ 'शंकर' 2020 साली, वयाची शहाण्णव वर्षे पुरी करून निवर्तले. मूल ते चित्र पाहते तेव्हा त्याची दृष्टी प्रथम प्रेतावर जाते, व ते योग्यच आहे. परंतु ज्याने संसार केला आहे, तो त्या राजाच्या ओझ्याखालच्या पावलांकडे पाहतो. मौन सुटले की वेताळ उडून जातो आणि राजा निमूटपणे पुन्हा त्याच झाडाकडे वळतो. हे 'पुन्हा त्याच झाडाकडे वळणे' काय असते, ते आठ वर्षांच्या बालकास कसे कळावे?

आता या राजाचे गाव कोणते? सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त ते स्पष्ट सांगितले आहे. गोदावरीतीरीचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. आणि राजाचे नाव त्रिविक्रमसेन. पैठणाहून निघालेली गोदा अंबड तालुक्यात शहागडापाशी येते, तीच ही नदी. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये बसून सोमदेवाने हा ग्रंथ रचला तोही मुलांसाठी नव्हे, तर सूर्यमती राणीच्या मनोविनोदार्थ.

त्याच ग्रंथात गुणाढ्याची आख्यायिका आहे, आणि आमच्या मते थोर वाचकांनी ती अवश्य वाचावी. गुणाढ्याने सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने लिहिली. सातवाहन राजाने ती तुच्छ मानून परत धाडली. तेव्हा कवीने रानात अग्निकुंड पेटविले. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवावे व आगीत टाकावे, असा क्रम चालला. हरणे चरणे विसरून अश्रू ढाळीत ऐकत राहिली. इकडे राजाच्या ताटातील मांस निःसत्त्व झाले, चौकशी झाली, आणि राजा धावत आला तेव्हा सातांपैकी एकच लक्ष उरले होते. 'हे आपल्यासारख्यांनी काय वाचावयाचे!' या एका विचाराने सहा लक्ष श्लोक जळाले. आज घरोघर जुन्या 'चांदोबा'चे गठ्ठे रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात, आणि 2013 च्या सुमारास ते मासिकही छापून निघेनासे झाले. म्हणून ही आख्यायिका अधिकच बोचते.

चित्र दाखवून कथा सांगणे हाही आपल्याकडे बालकांचा खेळ नव्हता. पैठणी शैलीच्या चित्रकथीच्या पोथ्या पुण्याच्या केळकर संग्रहालयात पाहावयास मिळतात. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर अजून देवळात रात्री चित्रकथी लावतात, आणि समोर सारा गाव बसतो. तेथील परशुराम गंगावणे यांस 2021 साली पद्मश्री मिळाली. विलायतेकडेही ग्रिम बंधूंचा 1812 चा पहिला संग्रह चित्रांवाचून आणि पंडिती टिपांसह निघाला होता. चित्रे आणि मुले मागाहून आली.

शिवाय वेताळाचे प्रश्न तरी बालिश आहेत काय? देवीपुढे शिरे अर्पिलेल्या पती व भाऊ यांची मस्तके पत्नीच्या हातून गडबडीत अदलाबदल होऊन जोडली जातात. आता तिचा पती कोण? राजा शिराच्या बाजूने निकाल देतो. आम्हांस तो निकाल फारसा पटलेला नाही, पण रात्रीच्या जेवणानंतर वाद घालण्यास याहून चांगला विषय मिळणार नाही.

शेवटचा प्रश्न तर एकत्र कुटुंबासाठीच रचलेला वाटतो. एक राजा व त्याचा पुत्र रानात दोन स्त्रियांच्या पाऊलखुणा पाहतात आणि ठरवितात की, मोठ्या पावलांची ती पित्याने वरावी, लहान पावलांची पुत्राने. प्रत्यक्षात त्या मायलेकी निघतात, आणि मोठी पावले असतात लेकीची! शब्दाप्रमाणे पिता लेकीस वरतो व पुत्र आईस. पुढे दोघींना मुले होतात. त्या मुलांचे परस्परांशी नाते काय? येथे खुद्द त्रिविक्रमसेनही निरुत्तर होतो, व त्याच्या मौनानेच वेताळ प्रसन्न होतो. राजाच्या पदरी आपल्यासारख्या घरातील एखादी आजी असती, तर तिने हे नाते पानाला चुना लावता लावता सांगितले असते. ज्या घरी असा उलगडा होईल, त्यांनी तो आम्हांस अवश्य कळवावा.