वस्तूचें आयुष्य

मनुष्य जन्मास येतो, वाढतो, ऐन उमेदींत कर्तृत्व दाखवितो आणि अखेर थकतो, हें आपण सर्व जाणतों. परंतु बाजारांत विकल्या जाणाऱ्या वस्तूंसही असेंच आयुष्य असतें, हें सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. व्यापारशास्त्राचे अभ्यासक यास वस्तूचें जीवनचक्र म्हणतात. प्रवेश, वाढ, परिपक्वता आणि उतरती कळा अशा चार अवस्था मानून, प्रत्येक अवस्थेंत विक्रीचें धोरण निराळें असावें असें ते सांगतात. थिओडोर लेव्हिट या अमेरिकन पंडितानें १९६५ सालीं या विषयावर लिहिलेला लेख प्रसिद्ध आहे. हा विचार केवळ व्यापाऱ्यांच्या कामाचा आहे असें कोणी समजूं नये. मुलांनीं काय शिकावें या प्रश्नाशींही त्याचा निकट संबंध आहे, असें माझें मत असून तें एका यंत्राच्या चरित्रावरून मांडण्याचा येथें प्रयत्न करितों.

तें यंत्र म्हणजे टाइपरायटर. आजच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं तें पाहिलेंही नसेल. त्यांनीं आपल्या आजोबांस विचारावें. मॅट्रिक झालेल्या मुलास टायपिंगच्या वर्गांत घालणें हें एके काळीं दक्ष पालकांस आपलें कर्तव्य वाटे. त्या परीक्षेचें प्रमाणपत्र हातीं आलें म्हणजे कचेरींतील नोकरीची निम्मी वाट चालून झाली, अशी समजूत असे. आणि ती खोटीही नव्हती. माझ्या स्वतःच्या पेटींत असें एक प्रमाणपत्र आजही जपून ठेविलेलें आहे.

या यंत्राचें बालपण मोठ्या कष्टांत गेलें. अमेरिकेंतील ख्रिस्तोफर शोल्स व त्याचे सहकारी यांनीं सिद्ध केलेलें यंत्र रेमिंग्टन कंपनीनें १८७४ च्या सुमारास बाजारांत आणिलें. त्यावर केवळ मोठीं इंग्रजी अक्षरें उमटत, आणि आपण काय लिहिलें तें लिहिणाऱ्यास लगेच दिसत नसे. टांक व शाई अल्प मोलांत मिळत असतां असलें महागडें यंत्र कोण घेणार? १८७८ सालच्या दुसऱ्या नमुन्यांत लहानमोठीं दोन्ही अक्षरें आलीं. पण यंत्र सुधारल्यानेंच काम भागलें नाहीं. तें चालविणारे हात कोठें होते? १८८१ सालीं न्यूयॉर्क येथें वाय. डब्ल्यू. सी. ए. या संस्थेनें स्त्रियांसाठीं टंकलेखनाचा वर्ग काढिला, आणि पुढें ठिकठिकाणीं असे वर्ग निघाले. शिकलेले हात वाढले, तशी यंत्रासही मागणी वाढली. वस्तु नवी असतां विक्रेत्यास प्रथम तिचा उपयोग लोकांस शिकवावा लागतो, मग ती विकतां येते, हा पहिला धडा होय.

वाढ होऊं लागली कीं प्रतिस्पर्धी पुढें सरसावतात. उमटणारें अक्षर तत्काळ डोळ्यांस दिसावें अशी रचना अंडरवुडच्या यंत्रानें लोकप्रिय केली. पुढें परिपक्वतेच्या काळांत सर्वांचीं यंत्रें बहुतेक सारखींच होतात, आणि चढाओढ किंमत, दुरुस्तीची सोय व नांवलौकिक यांवर येऊन ठेपते. गोदरेज कंपनीनें भारतांत टाइपरायटर तयार केला तो १९५५ सालीं. पश्चिमेंत तोंपर्यंत या यंत्राचें तारुण्य सरत आलें होतें. परंतु आपल्याकडे कचेऱ्या, शाळा व बँका भराभर वाढत होत्या, म्हणून येथें त्यास नवी उमेद लाभली. एकच वस्तु एका देशांत पोक्त व दुसऱ्या देशांत तरुण असूं शकते, हा दुसरा धडा.

नंतर संगणक आला. या प्रसंगीं तीन कंपन्यांचें वर्तन पाहण्यासारखें आहे. आय. बी. एम. कंपनीचा १९६१ सालचा ‘सिलेक्ट्रिक’ टाइपरायटर जगांत नांवाजलेला होता. त्याच कंपनीनें १९८१ सालीं आपला वैयक्तिक संगणक विक्रीस काढिला, आणि १९९१ सालीं टाइपरायटरचा धंदा विकून ती मोकळी झाली. स्मिथ-कोरोना ही तितकीच नामांकित कंपनी मात्र टाइपरायटर व त्याच जातीचीं यंत्रें यांवरच विसंबून राहिली. १९९५ सालीं तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. गोदरेजनें शिरवळच्या कारखान्यांतील टाइपरायटरचें उत्पादन २००९ सालीं थांबविलें. परंतु कुलपें, कपाटें, शीतकपाटें असा तिचा संसार मोठा असल्यामुळें कंपनीस धक्का बसला नाहीं. गाय दुभती आहे तोंवरच कालवड वाढवावी, हें आपल्या शेतकऱ्याचें शहाणपण व्यापारासही तंतोतंत लागू पडतें.

येथें कोणी म्हणेल, मग प्रत्येक वस्तूचें मरण ठरलेलेंच आहे काय? तसें मुळींच नाहीं. गोदरेजचा आरंभच १८९७ सालीं कुलपांपासून झाला, आणि कुलूप अद्याप घरोघरीं लागतें. १९७६ सालीं धल्ला व युस्पे या दोन लेखकांनीं जीवनचक्राच्या कल्पनेवरच कठोर टीका केली. त्यांचा आक्षेप असा कीं, चालक आपली वस्तु म्हातारी झाली असें मानितात, तिची सुधारणा व जाहिरात बंद करितात, आणि मग ती खरोखरच मरते. आधीं अन्न तोडावयाचें आणि मागाहून भाकीत खरें ठरलें म्हणावयाचें, असा हा प्रकार आहे. मला हा आक्षेप रास्त वाटतो. जीवनचक्र ही जन्मपत्रिका नव्हे. तो वैद्याचा इशारा आहे. वस्तूचे किती दिवस उरले हें मोजीत बसण्यापेक्षां ती कोणती गरज भागविते, आणि तीच गरज दुसरें कोणी अधिक सोईनें भागवूं लागलें आहे काय, हें पाहणें अधिक श्रेयस्कर होय.

टाइपरायटर गेला, पण सुवाच्य व जलद लिहिण्याची गरज गेली नाहीं. उलट ती शतपट वाढली. मोबाइलच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांची जी मांडणी दिसते, ती थोड्याफार फरकानें शोल्सच्याच यंत्राची आहे!

पालकांस माझें सांगणें एवढेंच आहे. शिक्षणक्रम हीही बाजारांतील एक वस्तु आहे, आणि तीसही वय असतें. ज्या वर्गाची जाहिरात आज प्रत्येक भिंतीवर झळकते, तो बहुधा ऐन परिपक्वतेंत आलेला असतो. तेथून बाहेर पडणाऱ्यांची गर्दी होते आणि त्यांचें मोल उतरूं लागतें. म्हणून कर्ज काढून फी भरण्यापूर्वीं एक प्रश्न अवश्य विचारावा: हें साधन उद्यां नाहींसें झालें, तर माझ्या मुलाच्या अंगीं काय उरेल?

ज्यांनीं टायपिंग शिकतांना केवळ कागद मिळविला, त्यांचा कागद यंत्राबरोबर जुना झाला. ज्यांनीं बोटांस वळण, भाषेंत शुद्धता आणि मजकूर नेटका मांडण्याची शिस्त मिळविली, ते संगणकापुढें बसले आणि थोडक्याच दिवसांत रुळले. माझ्या पेटींतील प्रमाणपत्रास आज कोणी विचारीत नाहीं. परंतु हा लेख मीं त्याच बोटांनीं, खालीं न पाहतां, संगणकावर लिहिला आहे. विद्यार्थिमित्रहो, साधनें बदलतील. त्यांचा शोक करूं नका, आणि त्यांचे दासही होऊं नका. लोकांची गरज ओळखून ती भागविण्याची पात्रता अंगीं आणा. तिला उतरती कळा सहसा लागत नाहीं.