आबालालांचे नाव कोण सुधारणार?

'आबालाल रहिमान' हा 'अब्दुल अजीज रहमान'चा अपभ्रंश. तो शुद्ध करून लिहावा, असा आग्रह धरणारे लोक मला कोल्हापुरात भेटतात. त्यांच्याशी माझे भांडण आहे.

अर्थ जाणून घ्या, हे मलाही मान्य. अरबीत 'अब्द' म्हणजे दास, 'अजीज' म्हणजे सर्वसमर्थ परमेश्वर. नुसते 'अब्दुल' म्हणणे म्हणजे 'दास' म्हणून कुणाचा ते गिळून टाकणे. 'रहमान' म्हणजे परमदयाळू. अरबीत गर्भाशयाचा शब्दही त्याच धातूचा.

पण उच्चाराचे सोवळे कशाला? 'अब्द'च्या आरंभीचा 'ऐन' घशातून येतो. तो या शुद्धिवाद्यांना तरी कुठे साधतो? खुद्द अरबी माणूसही 'अब्द अल्-रहमान' न म्हणता 'अब्दुर्रहमान' म्हणतो. आपण कृष्णाचा किसन केला, लक्ष्मणाचा लखू केला. ते लाड, आणि हा मात्र अपभ्रंश?

आबालाल शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार. रंकाळ्याचे नि पंचगंगेचे पाणी त्यांनी रंगविले. १९३१ साली ते वारले. 'आबा' आपण वडीलधाऱ्याला म्हणतो, 'लाल' लाडक्या लेकराला. या दोन्ही हाका ज्या नावात ऐकू येतात, ते नाव परके कसे?

अरबी अर्थ मुलांना अवश्य शिकवा. चित्राखाली मात्र 'आबालाल रहिमान' हेच राहू द्या. ते खोडाल, तर या चित्रकाराला त्याच्याच गावात पाहुणा कराल.